टर्मिनलमध्ये फोल्डरांची नावं वाचताच येत नाहीत: एलएसचे रंग कसे बदलायचे?

खडूफळा

मंडळी, दिवसाचे आठ-नऊ तास टर्मिनलसमोर जातात, त्यातला निम्मा वेळ लॉगच्या फोल्डरांत. कामाचं मशीन लिनक्स, शेल (टाइप केलेली कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅश, बॅकग्राउंड काळी. एलएस (फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की फोल्डरांची नावं गडद निळ्या रंगात येतात आणि काळ्यावर ती अक्षरशः बुडून जातात. संध्याकाळी डोळे थकले की नाव वाचायला स्क्रीनजवळ वाकावं लागतं.

दुसरं मशीन विंडोजचं. तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आहे. त्यात सी ड्राइव्हमध्ये गेलं की फोल्डरांच्या मागे भडक हिरवी पट्टी आणि तिच्यावर निळी अक्षरं. साध्या टेक्स्ट फाइलीसुद्धा सगळ्या हिरव्या.

मला टर्मिनल सजवायचं नाहीये. नजर टाकताक्षणी फोल्डर कुठला, तुटलेली लिंक कुठली आणि चालवता येणारी फाइल कुठली हे कळायला हवं, एवढंच. जालावर तयार रंगसंच पुष्कळ मिळतात, पण शेकडो ओळी डोळे झाकून चिकटवायच्या नाहीत. आतली यंत्रणा समजून घ्यायची आहे.

(कमांड देवनागरीत लिहिते आहे म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. टर्मिनलात टाइप करताना अक्षरं रोमन आणि अंकही इंग्रजी.)

---

दशमान

प्रश्न नेमका मांडलात, त्यामुळे उत्तर द्यायला हुरूप आला. जरा मोठं लिहितो.

रंग ठरवण्यात तिघांचा हात असतो. पहिला एलएस. तो रंग दाखवायचा की नाही एवढंच बघतो. --कलर=ऑटो दिलं तर आउटपुट पडद्यावर जात असेल तेव्हाच रंग लागतो, पाइपमध्ये (म्हणजे थेट दुसऱ्या कमांडकडे) किंवा फाइलमध्ये जात असेल तेव्हा नाही. (कलरचं स्पेलिंग अमेरिकन, मधे यू नाही.) बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) हा पर्याय एलएसच्या एलियासमध्येच (कमांडला दिलेल्या टोपणनावात) असतो, म्हणून तुम्ही न सांगता रंग दिसतात.

दुसरा एलएस_कलर्स नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कुठल्या प्रकारच्या फाइलला कुठला आकडा, याची ती यादी. कोलनने तोडलेली लांबलचक ओळ असते. एको (किंमत छापणारी कमांड) करून बघा, साधारण अशी सुरुवात दिसेल:

आरएस=०:डीआय=०१;३४:एलएन=०१;३६:...

डीआय म्हणजे डिरेक्टरी, एलएन म्हणजे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक), ईएक्स म्हणजे चालवता येणारी फाइल, ओआर म्हणजे लक्ष्य हरवलेली लिंक. पुढे तारांकन आणि एक्स्टेन्शन येतं, म्हणजे *.टार=०१;३१ वगैरे. अर्धविरामाने जोडलेले आकडे हे टर्मिनलला दिलेले हुकूम. ०१ ठळक, ०४ अधोरेखित, ०७ उलट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल). ३० ते ३७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ पार्श्वभूमीचे.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. ३० मध्ये लालसाठी १, हिरव्यासाठी २, निळ्यासाठी ४ मिळवा. ३१ लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. लाल अधिक हिरवा म्हणजे ३३, पिवळा. हिरवा अधिक निळा म्हणजे ३६, आकाशी. तिन्ही मिळून ३७, पांढरा. एकदा हे कळलं की कुणाचाही एलएस_कलर्स सरळ वाचता येतो.

आणि तिसरा तुमचा टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलची खिडकी दाखवणारा प्रोग्राम. याच्याकडे दुर्लक्ष होतं आणि तुमच्या त्रासाचं मूळ इथेच आहे. एलएस फक्त "चौथ्या क्रमांकाचा रंग" म्हणतो. तो नेमका कसा दिसावा हे टर्मिनलची रंगपाटी ठरवते. एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या टर्मिनलांतून लॉगिन केलं तर फोल्डर दोन वेगळ्या निळ्यांत दिसतात ते यामुळेच.

म्हणून माझा सल्ला: एलएस_कलर्सला हात लावण्याआधी टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये जा आणि क्रमांक ४ चा निळा व त्याची उजळ जोडी क्रमांक १२, हे दोन्ही उजळ करा. एलएसबरोबर व्हिम, गिट सगळ्यांचाच निळा एका फटक्यात सुधारतो.

---

पाणचक्की

दशमान यांनी यंत्रणा छान उलगडली. निळाच का बुडतो, याला आकड्यांची जोड देतो.

स्क्रीनवरच्या रंगाची उजळता मोजताना लाल, हिरवा, निळा यांना सारखं वजन नसतं. हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला फक्त ०.०७२२. म्हणजे निळा पूर्ण ताकदीने पेटवला तरी डोळ्याला मिळणारी उजळता पांढऱ्याच्या सात टक्के. शुद्ध निळ्याचं काळ्यावरचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर येतं २.४४:१. वाचनीयतेच्या वेब मानकांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ मागितलं आहे. शुद्ध पिवळं काळ्यावर जवळपास १९.५:१ भरतं. विंडोजच्या जुन्या कन्सोलमधला गडद निळा (०, ०, १२८) तर काळ्यावर जेमतेम १.३:१ होता. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने ती रंगपाटी बदलून निळा उजळ केला.

हाच शुद्ध निळा पांढऱ्यावर ठेवला तर गुणोत्तर ८.५ च्या वर जातं. पांढऱ्या बॅकग्राउंडवर त्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही.

खडूफळा, तुमच्यासाठी मी २५६ रंगांतला एक थेट सुचवीन:

डीआय=३८;५;७५

३८;५ म्हणजे "पुढचा आकडा २५६ च्या पाटीतला". ७५ हा फिकट आकाशी-निळा आहे, काळ्यावर ९:१ च्या आसपास. निळ्याची सवय मोडत नाही आणि नाव लख्ख दिसतं. या पाटीत ० ते १५ हे नेहमीचे रंग, १६ ते २३१ हा ६×६×६ चा घन आणि २३२ ते २५५ करड्याच्या चोवीस छटा. घनातला क्रमांक काढायचा तर लाल, हिरवा, निळा यांना ० ते ५ पायऱ्या द्या आणि १६ + ३६×लाल + ६×हिरवा + निळा करा. ७५ म्हणजे १, ३, ५.

---

दशमान

पाणचक्की, आकडे चोख, पण उपायाशी मी सहमत नाही. घनातला रंग टर्मिनलच्या थीमबरोबर बदलत नाही. खडूफळा यांनी उद्या दिवसा उजळ थीम लावली तर तोच ७५ पांढऱ्यावर किती भरेल?

---

पाणचक्की

२.३ च्या आसपास. मान्य, दोन थीम आलटून-पालटून वापरणाऱ्याने घनाच्या वाटेला जाऊ नये. पण त्यांनी काळी बॅकग्राउंड सांगितली आहे. आणि रंगपाटी बदलायची तर ती प्रत्येक टर्मिनल प्रोग्राममध्ये वेगळी बदलावी लागते. एलएस_कलर्स एका फाइलमध्ये ठेवला की ती फाइल कॉपी करून कुठेही नेता येते.

---

सांजवात

दोघांच्या मधे एक गोष्ट राहिली: ०१. पुष्कळ टर्मिनल ठळक अक्षर आलं की जाड फॉन्ट दाखवण्याबरोबर किंवा त्याऐवजी रंगच उजळ करतात. म्हणजे ०१;३४ मागितलं की क्रमांक ४ चा निळा न येता क्रमांक १२ चा येतो. याची सेटिंग बहुधा "ठळक मजकूर उजळ रंगात दाखवा" अशा नावाची असते.

याचा फटका सोलराइज्ड (एक तयार रंगसंच) थीमवाल्यांना बसतो. त्या थीममध्ये उजळ रंगांच्या जागांवर बहुतांशी करड्या छटा बसवल्या आहेत. उजळ निळ्याच्या जागी तर गडद थीममधला साध्या मजकुराचाच रंग. मग फोल्डर आणि साधी फाइल एकाच रंगात दिसतात आणि माणूस एलएस_कलर्समध्ये चूक शोधत बसतो. तिथे उजळ करण्याची सेटिंग बंद करायची किंवा यादीतून ०१ काढायचं.

मी मॅकवर असते. तिथला एलएस बीएसडी (युनिक्सची वेगळी शाखा) घराण्यातला, त्यामुळे तिथे एलएस_कलर्स चालत नाही. व्हेरिएबलचं नाव एलएसकलर्स, मधे अंडरस्कोर नाही, आणि सोबत क्लिकलर हा व्हेरिएबल सेट करावा लागतो (किंवा एलएसला मोठा -जी द्यायचा). किंमत म्हणजे बावीस अक्षरं, अकरा जोड्या. जोडीतलं पहिलं अक्षर मजकुराचं, दुसरं पार्श्वभूमीचं. ए काळा, बी लाल, सी हिरवा, डी तपकिरी, ई निळा, एफ जांभळट, जी आकाशी, एच फिकट करडा, एक्स म्हणजे मूळचाच. मोठं अक्षर घेतलं की ठळक. पहिली जोडी फोल्डरची, मुळात ई-एक्स. तिथे मोठा जी आणि एक्स घातलं की फोल्डर ठळक आकाशी. एक्स्टेन्शननुसार रंग देण्याची सोय यात नाही. ती हवी तर जीएनयू कोअरयूटिल्स (लिनक्सवरच्या एलएससारख्या मूळ कमांडींचा संच) बसवून जीएलएस वापरायचा, मग या धाग्यातलं सगळं लागू पडतं.

---

खडूफळा

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! आधी दशमान यांचं ऐकून प्रोफाइलमध्ये निळा उजळला. लगेच फरक पडला, गिटच्या ब्रँचसुद्धा नीट दिसायला लागल्या.

आता डब्ल्यूएसएलमधली हिरवी पट्टी. तिथे क्रमांक ४ थोडा उजळून पाहिला, पट्टी तशीच, अक्षरंही फारशी सुधारली नाहीत. आणि लिनक्स मशीनवरही एका फोल्डरला तीच पट्टी आहे, बाकी कुठेच नाही. हा काय प्रकार?

---

दशमान

ती पट्टी म्हणजे ओडब्ल्यू: ज्या फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकतं आणि ज्यावर स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल उडवू न देणारी खूण) नाही. मूळ आकडे ३४;४२, हिरव्यावर निळा. ०१ नाही, म्हणून उजळ निळाही मिळत नाही. विंडोज टर्मिनलच्या मूळ कॅम्पबेल पाटीत हे गुणोत्तर २.४ च्या आसपास येतं.

डब्ल्यूएसएलमध्ये विंडोजचे ड्राइव्ह लिनक्सला दाखवताना सगळ्या फाइलींना, फोल्डरांना सरसकट ७७७ परवानगी (कुणीही वाचावं, लिहावं, चालवावं) दिसते. एलएसच्या दृष्टीने प्रत्येक फोल्डर सगळ्यांना खुला आणि प्रत्येक टेक्स्ट फाइल चालवता येणारी. एलएस खरं तेच सांगतोय, त्याला मिळालेली परवानगीच तशी आहे. ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये ऑटोमाउंट विभागाखाली ऑप्शन्समध्ये मेटाडेटा आणि युमास्क=२२ (मालक सोडून इतरांचा लिहिण्याचा हक्क वजा) घाला, मग विंडोजच्या बाजूने डब्ल्यूएसएल --शटडाउन देऊन पुन्हा सुरू करा. फोल्डरांची पट्टी जाईल. फाइली हिरव्याच राहतील, कारण मालकाचा चालवण्याचा बिट शिल्लक असतो. तोही एफमास्कने काढता येतो, पण मग लिनक्सच्या बाजूने विंडोजचे प्रोग्राम चालवता येत नाहीत. मी तो ठेवतो.

लिनक्स मशीनवरचा तो एकटा फोल्डर मात्र रंगाचा प्रश्न समजू नका. तिथे पट्टी आली म्हणजे त्या फोल्डरमध्ये मशीनवरचा कुठलाही युजर फाइल टाकू शकतो, असलेली उडवू शकतो. एलएस -एलडी करून परवानगीच्या शेवटच्या तीन अक्षरांत डब्ल्यू आहे का बघा. मुद्दाम ठेवलेलं नसेल तर सीएचमॉड ओ-डब्ल्यू, म्हणजे इतरांचा लिहिण्याचा हक्क काढा. जालावर बरेच जण ओडब्ल्यूचा रंग डीआयसारखाच करून टाका म्हणतात. कृपा करून ते करू नका. वाचता येईल असा ठेवा, ३०;४२ म्हणजे हिरव्यावर काळा, किंवा ३०;४३ म्हणजे पिवळ्यावर काळा, पण वेगळा ठेवा. तात्पुरत्या फाइलींच्या टीएमपी फोल्डरला मुळातच ३०;४२ मिळतो, कारण तो सगळ्यांना खुला असला तरी त्यावर स्टिकी बिट असतो. हा फरक डोळ्याला दिसत राहिला पाहिजे, म्हणून मी स्वतः ओडब्ल्यूला पिवळा देतो.

---

खडूफळा

पाहिलं. तो फोल्डर एका जुन्या स्क्रिप्टने ७७७ करून ठेवला होता. त्यात बॅकअप पडतात! परवानगी बदलली, पट्टी गेली. रंग नुसता बदलून टाकला असता तर हे कळलंच नसतं.

---

तिरपी_रेघ

माझ्या बाजूने एक भर. मला लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. मूळ यादीत चालवता येणारी फाइल हिरवी, तुटलेली लिंक लाल आणि झिप, टार वगैरेही लालच. माझ्यासाठी हे तिन्ही एकाच मातकट रंगाचे. पुरुषांमध्ये हा दोष बऱ्यापैकी आढळतो. तेव्हा टीममध्ये सगळ्यांसाठी एक यादी वाटणार असाल तर याचा विचार आधी करा.

माझी तोड अशी की महत्त्वाची कुठलीच गोष्ट नुसत्या रंगावर सोडायची नाही. एलएसला मोठा -एफ द्या: फोल्डरपुढे तिरपी रेघ, चालवता येणाऱ्या फाइलपुढे तारा, सिमलिंकपुढे ॲट, पाइपपुढे उभी रेघ, सॉकेटपुढे बरोबरचं चिन्ह. तुटलेल्या लिंकला रंगासोबत ०७, म्हणजे उलटा ठोकळा. यादीत कुठेही असली तरी नजरेतून सुटत नाही. आणि रंग निवडताना निळा-नारिंगी ही जोडी धरली:

डीआय=३८;५;७५
ईएक्स=३८;५;२०८
ओआर=०७;३३

२०८ हा नारिंगी, घनात ५, २, ०. पाणचक्की यांच्या सूत्राने ताडून बघा.

सिमलिंकबद्दलही सांगतो. एलएनला आकड्यांऐवजी टार्गेट हा शब्द दिला तर लिंक आपल्या लक्ष्याचाच रंग घेते. फोल्डरकडे जाणारी लिंक फोल्डरच्या रंगात, फाइलकडे जाणारी फाइलच्या. लिंक आहे हे -एफचं चिन्ह सांगतंच.

---

शून्यप्रहर

सर्व्हरच्या बाजूने लिहितो. रंग फुकट मिळत नाही. नुसती नावं छापायची तर डिरेक्टरी वाचून काम भागतं, फाइल आहे की फोल्डर हेही बहुतेक फाइल सिस्टिम तिथल्या तिथे सांगतात. पण फाइल चालवता येते का, सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणारी) आहे का, हे रंगवायचं तर एलएसला प्रत्येक फाइलची माहिती वेगळी मागवावी लागते. आपल्या मशीनच्या डिस्कवर हे जाणवत नाही. नेटवर्कवरच्या स्टोरेजवर, पन्नास हजार फाइलींच्या फोल्डरमध्ये एलएस अडकून बसतो आणि सामायिक स्टोरेज असेल तर इतरांचंही काम रेंगाळतं.

अशा ठिकाणी यादीत ईएक्स=०० आणि खास अधिकार असलेल्या फाइलींच्या एसयू=००, एसजी=००, सीए=०० या नोंदी करा. फोल्डर आणि लिंकचे रंग टिकतात, फाइलगणिक होणारी चौकशी बरीचशी टळते. एकदाच रंगाशिवाय हवं असेल तर एलएसच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, एलियास वगळला जातो.

आणि एलियासमध्ये --कलर=ऑलवेज कधीही ठेवू नका. पाइपमधून पुढे जाणाऱ्या प्रत्येक नावाला रंगाचे कोड चिकटतात, ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) नाव सापडत नाही, फाइलमध्ये साठवलेल्या यादीत एस्केप अक्षरं येतात. पानापानाने बघायचं तर त्या वेळेपुरतं ऑलवेज द्या आणि पुढे लेसला मोठा -आर.

एक्स्टेन्शनच्या शंभर नोंदी माझ्या मते वाया आहेत. पाच-सहा रंगांपलीकडे नजर भेदच करत नाही.

---

सांजवात

शेवटच्या वाक्याशी नाही पटलं. मी फोटो आणि ऑडिओच्या फोल्डरांत काम करते. कच्ची फाइल, संपादित फाइल आणि तिच्याबरोबरची नोंदीची फाइल, तिघींची नावं सारखी, फरक एक्स्टेन्शनचा. तिथे रंगाने माझं काम अर्ध्यावर येतं. ज्याचं काम ज्या फाइलींत, त्याने त्या रंगवाव्यात. बाकीच्या नोंदी काढा, हे मान्य.

---

शून्यप्रहर

हे रास्त आहे. माझ्या डोळ्यासमोर सर्व्हर होता, तिथे सगळंच लॉग असतं.

---

खडूफळा

आता शेवटची पायरी. हे सगळं कायमचं कुठे ठेवायचं? बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) एक्स्पोर्टची लांब ओळ लिहायची का?

---

दशमान

चालतं, पण ती ओळ सहा महिन्यांनी कुणालाच वाचवत नाही. त्यासाठी डिरकलर्स ही कमांड कोअरयूटिल्ससोबतच येते. डिरकलर्स -पी दिलं की मूळ यादी टिप्पण्यांसकट छापली जाते. ती होममध्ये डॉट-डिरकलर्स नावाच्या फाइलमध्ये वळवा आणि तिथे बदल करा. या फाइलमध्ये डीआयऐवजी डीआयआर, एलएनऐवजी लिंक, ओआरऐवजी ऑर्फन अशी वाचता येणारी नावं असतात, ओळीला एक नोंद. मग बॅशआरसीमध्ये:

इव्हॅल "$(डिरकलर्स -बी ~/.डिरकलर्स)"

डेबियन, उबुंटूच्या मूळ बॅशआरसीमध्ये हे आधीच असतं, फाइल ठेवली की काम झालं. फेडोरा घराण्यात फाइलचं नाव डॉट-डिर-कलर्स, मधे अंडरस्कोर.

फाइलच्या वरच्या भागातल्या टर्मने सुरू होणाऱ्या ओळी काढू नका. टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचा प्रकार सांगणारा) त्यांतल्या एखाद्या नमुन्याशी जुळला नाही तर डिरकलर्स रिकामी यादी देतं. अनोळखी टर्मिनलातून एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) केल्यावर रंग गायब झाले की पहिल्यांदा एको करून टर्म बघा.

टार-जीझेडला वेगळा आणि जीझेडला वेगळा रंग हवा असेल तर टार-जीझेडची ओळ जीझेडच्या खाली ठेवा. दोन्ही जुळतात तेव्हा नंतरची नोंद लागू होते.

---

खडूफळा

केलं. फाइल आता आटोपशीर आहे: टर्मच्या ओळी, फोल्डर ७५, चालवता येणारी फाइल नारिंगी, तुटलेली लिंक उलटी पिवळी, ओडब्ल्यू पिवळ्यावर काळा, आणि लॉगसाठी दोनच नोंदी. चालू लॉग साधा, दाबून ठेवलेले जुने लॉग २४४ या करड्यात. जुने मागे सरकले आणि आजचे आपोआप पुढे आले. एलियासमध्ये -एफ घातला. नेटवर्कवरच्या मशीनसाठी शून्यप्रहर यांच्या चार नोंदींची वेगळी फाइल केली.

एकच राहिलं: टॅब दाबून नावं पूर्ण करताना येणारी यादी अजून बिनरंगाची आहे. तिथेही हेच रंग येतील का?

---

पाणचक्की

येतील. होममधल्या डॉट-इनपुटआरसी फाइलमध्ये ही ओळ घाला:

सेट कलर्ड-स्टॅट्स ऑन

बॅशचं रीडलाइन (टाइप केलेली ओळ हाताळणारा भाग) एलएस_कलर्सच वाचतं, वेगळी यादी लागत नाही. नवीन शेल उघडा म्हणजे लागू होईल. ट्री (फोल्डरांची झाडासारखी यादी) आणि एफडी (फाइल शोधणारी) या कमांडही हीच यादी वापरतात.

---

खडूफळा

आले! टॅबच्या यादीतही जुने लॉग करडे दिसताहेत. धन्यवाद मंडळी. माझी फाइल खाली प्रतिसादात चिकटवते, उजळ थीमवर कुणी तपासून सांगितलं तर ७५ च्या जागी काय घ्यावं तेही नोंदवून ठेवीन.

---

पाणचक्की

उजळसाठी २५ बघा. घनात ०, १, ३. पांढऱ्यावर ६ च्या वर भरतो.